साथ ओसरल्यावरचे विज्ञान

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत माणसांचा ओघ अखंड वाहत असतो. सातारा, कोल्हापूर, सोलापूरकडून येणाऱ्या गाड्या, सासवड-जेजुरीकडे निघालेले प्रवासी, सिंहगड रस्त्यावरून कामाला येणारे चाकरमानी आणि २०२४ पासून त्यांच्या पायाखालून धावणारी भुयारी मेट्रो. जेथे माणूस जातो तेथे त्याच्या संगतीने रोगजंतूही जातो. त्याला ना तिकीट लागते, ना आरक्षण.

याच रस्त्यांवरची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले आणि त्यातून महाराष्ट्रातील झिका विषाणूचा पहिला रुग्ण आढळला. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड परिसरात धडधाकट माणसांच्या हातापायांतील शक्ती एकाएकी जाऊ लागली. गुलेन बॅरी सिंड्रोम हे अवघड नाव तेव्हा घरोघरी पोहोचले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. दोन्ही वेळा नमुने तपासणीला गेले ते पुण्यातीलच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत. एरवी तिच्यावरून रोज जाणाऱ्या पुणेकरालाही तिची आठवण होत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून ही संस्था उभी राहिली. पुढे परकीय साहाय्य थांबले. काम थांबले नाही. १९७८ मध्ये तिला राष्ट्रीय संस्थेचे नाव मिळाले. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली, तेव्हा जंगलात उतरून गोचिडीमार्फत पसरणारा नवा विषाणू शोधला तो या पुण्याच्या केंद्राने. १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावच्या रुग्णांच्या रक्तात आणखी एक विषाणू सापडला. गावाचे नाव जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले.

परंतु या कीर्तीची दुसरी बाजू अस्वस्थ करणारी आहे. क्यासनूरचा तोच आजार २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात शिरला आणि काजूच्या बागांत राबणाऱ्यांनी त्याला माकडताप हे नाव दिले. त्यावरील जुन्या लसीचा प्रभाव अपुरा ठरल्याने तिचा वापर २०२२ मध्ये थांबला आणि नवी लस घडविण्याचे काम हाती घ्यावे लागले. चांदीपुरा विषाणूने २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, तर २०२४ मध्ये गुजरातमध्ये बालकांचे बळी घेतले. सकाळी खेळणारे मूल एक-दोन दिवसांत दगावते, असा हा आजार. शोध लागून सहा दशके लोटली, तरी त्यावर ना खात्रीचे औषध आहे, ना लस. कारण उघड आहे. काजू वेचणारी बाई आणि कुडाच्या घरात निजणारे मूल ही कोणत्याही औषध कंपनीची बाजारपेठ नव्हे. ज्यांच्यासाठी बाजार उभा राहत नाही, त्यांच्यासाठी राष्ट्राने उभे राहावे लागते. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेचे खरे प्रयोजन हेच.

विषाणू ओळखला म्हणजे काम संपले, असेही नाही. शरीर त्याला कसे उत्तर देते, हे कोडे त्याहून गहन आहे. सिंहगड रस्त्यावरील रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून येणारा जिवाणू आढळला. त्याच्या आवरणाचे मज्जातंतूंच्या आवरणाशी साम्य असते. त्यामुळे जिवाणूसाठी घडलेली प्रतिपिंडे स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. रक्षकाने घरच्यालाच चोर समजावे, तसा हा प्रकार. साधी जखम भरण्यातही याच पेशींचा खेळ असतो. आधी त्या दाह निर्माण करून घाण साफ करतात आणि मग शांत होऊन नवी त्वचा घडवू लागतात. मधुमेह्याच्या पायाची जखम महिनोन्महिने चिघळते, त्याचे एक कारण हा दाह वेळेवर शमत नाही हे होय. कोविडच्या अनेक गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांना विषाणूइतकीच इजा या अनावर दाहाने केली. म्हणजे रोगप्रतिकार केवळ बलवान असून भागत नाही, तो विवेकी असावा लागतो. हा विवेक कोठून येतो, याचा शोध काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशींवर वर्षानुवर्षे चालतो. पुण्यातीलच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा पेशी जतन करून देशभरच्या संशोधकांना पुरविते.

या संथ कामाचे मोल २०२० मध्ये दिसले. ३० जानेवारीला देशातील पहिल्या कोविड रुग्णाचे निदान विषाणू विज्ञान संस्थेने केले, मार्चमध्ये विषाणू वेगळा करून वाढविला, मेपर्यंत प्रतिपिंडांची स्वदेशी चाचणी सिद्ध केली. तोच विषाणू भारत बायोटेकच्या हाती गेला आणि कोव्हॅक्सिन घडली. तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष येण्यापूर्वीच ३ जानेवारी २०२१ रोजी तिला परवानगी दिल्याबद्दल प्रश्न उपस्थित झाले. ते होणे योग्यच होते, कारण स्वदेशीचा अभिमान पुराव्याला पर्याय होऊ शकत नाही. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. संकट आल्यावर कोणी शास्त्रज्ञ घडवू शकत नाही. ते हात आणि २०१२ पासून सज्ज असलेली पाषाणची अतिसुरक्षित प्रयोगशाळा आधीपासून होती, म्हणूनच देश जगाच्या दारी हात पसरून उभा राहिला नाही.

दुर्दैवाने साथ ओसरली की समाजाची स्मृतीही ओसरते. मग विहिरीच्या पाण्यात क्लोरीन पडले की नाही, हे कोणी विचारीत नाही. तापाने मेलेल्या माकडाची वर्दी कोणी देत नाही. गुणी विद्यार्थी तुटपुंज्या शिष्यवृत्तीची वाट पाहून परदेशाची वाट धरतो. शासनाने संशोधनाचा निधी साथीच्या भीतीवर नव्हे, तर दीर्घ नियोजनावर ठरवावा, तालुक्याच्या आरोग्य केंद्रापासून प्रयोगशाळेपर्यंतचा नमुन्यांचा मार्ग शांततेच्या काळातही चालता ठेवावा आणि चांदीपुरा, माकडताप यांसारख्या गरिबांच्या आजारांना अग्रक्रम द्यावा. समाजानेही प्रयोगशाळेतील त्या अनामिक साधकांना साथ नसताना आठवावे. स्वारगेटहून उद्या पहाटे सुटणाऱ्या गाडीत विषाणू असेल वा नसेल. त्याला ओळखणारा माणूस मात्र पुण्यात जागा असला पाहिजे.