कॅमेरा मुलांकडे, कागदपत्रे आपल्याकडे

महोत्सवाला आलेली चित्रफीत मुलांनी केली आहे की मुलांकडून करून घेतली आहे, हे पहिल्या दोन मिनिटांतच कळते. करून घेतलेल्या फितीत निवेदन भाषणासारखे असते, मुले पाठ केलेली वाक्ये म्हणतात आणि शेवटी रांगेत उभी राहून संदेश देतात. पाणी वाचवा, झाडे लावा. विषयांत खोट नाही, पण त्या मुलांनी स्वतः पाहिलेले, विचारलेले असे त्यात काहीच सापडत नाही.

यामागे सवय आहे. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली आणि दूरदर्शनवरून तिने राज्यातल्या शाळांना चांगले कार्यक्रम दिले. तिथे कॅमेऱ्यामागे मोठी माणसे असायची. त्या काळची यंत्रे पाहता दुसरे काही शक्यही नव्हते. २०१७ साली ती संस्था बंद झाली, हे आपले मोठे नुकसान. आज मात्र वाडीवस्तीवरच्या शाळेतही एखादा बरा फोन मिळतो. यंत्र मुलांच्या हातात मावू लागले, तरी आपण ते सोडायला तयार नाही.

एनसीईआरटीच्या सीआयईटी या संस्थेचा अखिल भारतीय महोत्सव असो की तालुक्यातली लहानशी स्पर्धा, आमची शिक्षकांना विनंती एकच आहे. विषय, प्रश्न, चित्रण आणि संकलन मुलांवर सोपवा. गावातल्या पिठाच्या गिरणीवर चार मिनिटांची फीत करायची म्हटली, तर दगडाला टाकी कधी लावतात, दळण बारीक-जाड कसे होते, दिवसभर पीठ नाकात जाऊन त्रास होत नाही का, हे मुलेच विचारतील. आपण लिहून दिलेल्या प्रश्नावलीत तिसरा प्रश्न बहुधा नसतो.

तंत्रातले थोडे शिकवावे लागते, आणि त्यात आवाज पहिला. चित्र थोडे हलले तरी पाहणारा सांभाळून घेतो. बोलणे ऐकू आले नाही तर फीत तिथेच संपते. पंखा बंद करा, साधा कॉलर माइक लावा आणि प्रत्येक जागेची अर्धा मिनिट नुसती शांतता ध्वनिमुद्रित करून ठेवा; संकलनात दोन तुकडे जोडताना ती उपयोगी पडते. फोन आडवा धरा. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लपलपत असेल तर शटर १/५० वर ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. उपशीर्षकांतली जोडाक्षरे फुटली नाहीत ना, हे दुसऱ्या संगणकावर तपासा.

आता आपले काम. सर्वांत जास्त घोळ होतो तो पार्श्वसंगीताचा. स्नेहसंमेलनात, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असताना गाणे वाजवण्याची मोकळीक १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. महोत्सवाला पाठवलेली फीत शाळेबाहेर जाते. तिथे या मोकळिकीवर विसंबू नये. गाणे जुने आहे, हेही उत्तर नव्हे. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. गदिमा १९७७ साली गेले, सुधीर फडके २००२ साली. म्हणजे गीतरामायणाच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे आणि चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. त्यापेक्षा मुलांनी आजीच्या तोंडून जात्यावरची परंपरागत ओवी तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या प्रयत्नांतून ग्रामीण महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. तुमच्या गावातही अजून कुणी गाणारे असेल. तो आवाज विकतच्या कुठल्याही संगीताहून फितीला शोभेल.

दुसरे काम संमतीचे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. चित्रीकरणाआधीच पालकांची लेखी संमती घ्या. फीत कुठे दाखवली जाईल, संकेतस्थळावर राहील का, हे त्या कागदावर स्पष्ट लिहा. एखादी आई नको म्हणाली तर त्या मुलाला ध्वनिमुद्रणाचे किंवा संकलनाचे काम द्या. त्याला गटाबाहेर मात्र काढू नका.

लांबीची मर्यादा, फाइलचा प्रकार, अंतिम तारीख हे नियम दर वर्षी नव्याने वाचावे लागतात. मोफत ॲपची खूण चित्राच्या कोपऱ्यात राहिली आहे का, हेही पाठवण्याआधी पाहा.

बक्षीस मिळेल न मिळेल. शिक्षकांनी पुन्हा संकलित केलेल्या चकचकीत फितीपेक्षा मुलांची ओबडधोबड फीत पाठवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि परीक्षकांनीही गुण देताना हा फरक मानावा. प्रवेशिकेत दिग्दर्शक, छायाचित्रण, संकलन या रकान्यांत ज्या मुलांनी ते काम केले त्यांचीच नावे लिहा. आपले नाव मार्गदर्शक या रकान्यात असू द्या.