संगणक नवा झाला, वाय-फाय का मंदावले?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या या प्रणालीने दहा वर्षे घरांत, शाळांत, पंचायत कार्यालयांत आणि हॉटेलांच्या काउंटरवर काम केले. आता सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतील तर 'विंडोज ११' घ्यावी लागते, किंवा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या मुदतवाढीसाठी नाव नोंदवावे लागते. या स्थलांतराबरोबर एक जुनी तक्रार नव्याने ऐकू येऊ लागली आहे. कालपर्यंत वाय-फाय नीट चालत होते, प्रणाली बदलली आणि ते रखडू लागले. शहरात ही तक्रार गैरसोयीपुरती असते. जंगलाच्या कडेला असलेल्या गावात मात्र तिचा संबंध थेट मिळकतीशी आणि शिक्षणाशी येतो.

गणेशगुडीचे उदाहरण गोव्यातील वाचकाला परके वाटू नये. मोले, अनमोडचा घाट, रामनगर असे करत आपले कितीतरी पर्यटक काळी नदीतील राफ्टिंगसाठी तिथे पोहोचतात. जोयडा तालुक्यातील या गावाशेजारी सुपा धरण उभे आहे. ज्या सुपा गावावरून तालुक्याला नाव होते ते गाव या जलाशयात बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले. धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे, सभोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य आहे. डोंगर आणि दाट झाडी रेडिओ लहरींना अडवतात, आणि संरक्षित वनक्षेत्रात मनोरा उभारायचा तर वनखात्याच्या परवानग्यांचा लांब रस्ता चालावा लागतो. अशा परिसरातील होमस्टेचे आरक्षण, पाहुण्यांशी पत्रव्यवहार, विद्यार्थ्यांचे प्रवेश अर्ज, शेतकऱ्यांचे दाखले ही सारी कामे एका बारीक जोडणीवर अवलंबून असतात. आपल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण तालुक्यांतील वनालगतच्या वाड्यांची स्थिती याहून फार वेगळी नाही.

म्हणूनच या तक्रारीचे निदान काळजीपूर्वक व्हायला हवे. संगणकापर्यंत इंटरनेट पोहोचते ते तीन टप्प्यांनी: सेवा पुरवणाऱ्या कंपनीपासून घरातील राउटरपर्यंत, राउटरपासून हवेतून संगणकापर्यंत आणि मग संगणकाच्या आत. पाटाचे पाणी शेवटच्या शेतात कमी पोहोचले तर दोष धरणात आहे, पाटात आहे की शेताच्या तोंडाशी, हे आधी पाहावे लागते. कार्यप्रणाली बदलल्याने पहिल्या टप्प्याच्या क्षमतेत काहीही बदल होत नाही. बदल होतो तो शेवटच्या टप्प्यात, आणि त्याचे पडसाद मधल्या टप्प्यात उमटतात. पण जिथे जोडणी मुळातच अशक्त असते तिथे लोक सवयीने मनोऱ्याला दोष देतात आणि खरे कारण संगणकातच दडून राहते. याच्या उलटही घडते. जोडणी त्या आठवड्यात खरोखरच मंद असते, पण नुकताच बदल झाला म्हणून लॅपटॉप दांडेलीला किंवा फोंड्याला दुरुस्तीसाठी नेला जातो. दोन्ही प्रकारांत वेळ आणि पैसा वाया जातो.

निदानाची सुरुवात सोपी आहे आणि तिला खर्च नाही. राउटरच्या जवळ बसून त्याच वाय-फायवर आधी मोबाइलचा वेग मोजावा, मग लॅपटॉपचा. दोन्ही मंद असतील तर बहुधा दोष बाहेरच्या जोडणीत किंवा राउटरमध्ये आहे. मोबाइल वेगवान आणि लॅपटॉप मंद असेल तर दोष लॅपटॉपच्या बाजूचा. मग शक्य असल्यास लॅपटॉप केबलने राउटरला जोडावा. केबलवर वेग पूर्ववत झाला तर कारण बिनतारी भागात आहे. केबलवरही तो मंदच राहिला तर संगणकात पार्श्वभूमीला काय चालले आहे ते पाहावे. ही चाचणी सकाळी एकदा आणि रात्री एकदा करावी, कारण संध्याकाळी सारे गाव एकाच वेळी जोडणी वापरत असते.

पार्श्वभूमीचे कारण सर्वाधिक दुर्लक्षित आहे. नवी प्रणाली बसल्यावर पहिले काही दिवस संगणक स्वतःहून उरलेल्या दुरुस्त्या उतरवतो, ॲप अद्ययावत करतो आणि छायाचित्रे, कागदपत्रे कंपनीच्या दूरस्थ साठ्यात चढवू लागतो. शहरातील १०० मेगाबिटच्या जोडणीवर हे जाणवतही नाही. पण साधे गणित करून पाहा. ५ गिगाबाइटची सामग्री दर सेकंदाला ४ मेगाबिट वेगाने उतरवायला पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्या जोडणीवर दुसऱ्या कुणाला फारसे काही करता येत नाही. शाळेतील पाच संगणक वेगवेगळे अद्ययावत केले तर सुमारे १४ तास झाले. यावर उपाय म्हणजे वाय-फायच्या सेटिंगमध्ये ती जोडणी 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायची, अशी नोंदवणे. मग प्रणाली अनेक मोठ्या उतरवण्या रोखून धरते. 'टास्क मॅनेजर'मध्ये कोणता प्रोग्राम नेटवर्क खातो आहे तेही दिसते. २०१५ मध्ये 'विंडोज १०'च्या घरगुती आणि व्यावसायिक आवृत्त्यांत 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' ही सोय मुळातच अशी लावलेली होती की, आपला संगणक इंटरनेटवरील अनोळखी संगणकांनाही दुरुस्त्यांचे तुकडे पुरवत असे. वापरकर्त्याच्या जोडणीचा असा वापर त्याला ठळकपणे न विचारता व्हावा, यावर त्या वेळी जगभर टीका झाली होती. ही सोय आजही सेटिंगमध्ये तपासून घ्यावी.

दुसरे मोठे कारण म्हणजे 'ड्रायव्हर'. वाय-फायचे यंत्र आणि कार्यप्रणाली यांच्यातील हा दुभाषी होय. प्रणाली बदलताना लॅपटॉपच्या कंपनीने खास बसवलेला ड्रायव्हर जाऊन त्याच्या जागी सर्वसाधारण किंवा जुना ड्रायव्हर येऊ शकतो. जोडणी होते, पण यंत्राची पूर्ण क्षमता वापरली जात नाही. अशा वेळी लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. नवा ड्रायव्हर आल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये आधीच्या ड्रायव्हरकडे परतण्याची सोय असते. वाय-फाय अगदीच बंद पडले असेल तर मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते. शक्यतो प्रणाली बदलण्याआधीच हा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा.

असे घडते ते वापरणाऱ्याच्या अज्ञानामुळे, हा समज खोडून काढणारी उदाहरणे भरपूर आहेत. २०१५ मध्ये काही जुन्या व्हीपीएन प्रोग्रामचे अवशेष संगणकात असताना 'विंडोज १०' बसवल्यास वाय-फाय नाहीसे होत असल्याचे मायक्रोसॉफ्टनेच मान्य केले होते. डिसेंबर २०२३ मध्ये 'विंडोज ११'च्या एका दुरुस्तीने विद्यापीठे आणि कार्यालयांतील वाय-फायशी होणारी जोडणी बिघडवली, आणि कंपनीला तो बदल दूरस्थपणे मागे घ्यावा लागला. ॲपलही याला अपवाद नाही. २०१४ च्या 'योसेमिटी' प्रणालीत नेटवर्क सांभाळणारा एक मूलभूत घटक बदलला गेला, तक्रारींचा पाऊस पडला आणि जून २०१५ मध्ये जुना घटक परत आणला गेला. या कंपन्यांच्या प्रयोगशाळांतून जे निसटते, ते गणेशगुडीच्या होमस्टेमालकाला एका नजरेत उमगावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

तिसरे कारण लहरींच्या पट्ट्याचे. घरगुती वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिला दूरवर आणि भिंतींपलीकडे पोहोचतो, पण त्यात एकमेकांना न अडवणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ अशा तीनच असतात. दुसरा वेगवान असला तरी चिऱ्याच्या जाड भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. प्रणाली वा ड्रायव्हर बदलल्यावर संगणक पूर्वीपेक्षा वेगळा पट्टा निवडू शकतो. माजघरातला लॅपटॉप ओसरीवरच्या राउटरला ५ गिगाहर्ट्झवर कसाबसा चिकटून राहतो आणि तुटक चालतो, किंवा राउटरशेजारचा लॅपटॉप विनाकारण मंद पट्ट्यावर बसतो. वाय-फायच्या माहितीच्या पडद्यावर पट्टा, वाहिनी, ड्रायव्हरची आवृत्ती आणि दुव्याचा वेग हे सारे दिसते. हा दुव्याचा वेग केवळ राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधला असतो, इंटरनेटचा नव्हे. पण तोच फार कमी दिसत असेल तर दोष घरातच आहे हे नक्की. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिली की निवड आपल्या हाती येते.

आणखी दोन बारीक गोष्टी ग्रामीण भागात विशेष महत्त्वाच्या. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि वाय-फायच्या यंत्राची वीज आखडती घेतो. नव्या प्रणालीत ही काटकसर अधिक कडक लावलेली असेल तर वेग उतरतो. चार्जर लावून आणि काढून तुलना केल्यास हे लगेच कळते. दुसरे, जुना राउटर अजूनही 'टीकेआयपी' या कालबाह्य सुरक्षापद्धतीवर ठेवलेला असेल तर दुव्याचा वेग ५४ मेगाबिटपुढे जात नाही, शिवाय नव्या प्रणाली अशा जोडणीला असुरक्षित ठरवतात. राउटरमध्ये 'डब्ल्यूपीए २' आणि 'एईएस' निवडल्यास दोन्ही प्रश्न सुटतात. 'नेटवर्क रीसेट' हा उपाय मात्र अखेरचा. त्याने साठवलेले वाय-फायचे पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणी पुसली जाते. सारे करूनही फरक पडला नाही, तर अद्ययावत केल्यापासून साधारण १० दिवसांत आधीच्या प्रणालीकडे परतता येते. तो काळ गेल्यावर ही सोय उरत नाही. म्हणून परीक्षा पहिल्याच आठवड्यात व्हावी.

येथपर्यंतचे उपाय व्यक्तीच्या हातातले आहेत. पण या विषयाला सार्वजनिक बाजू आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. कंपन्या आपली प्रणाली भरपूर इंटरनेट गृहीत धरून घडवतात. त्या गृहीतकाची किंमत मात्र जिथे इंटरनेट अपुरे आहे तेथील लोक मोजतात. मुदतवाढीबाबत युरोपचा अनुभव बोलका आहे. तेथील ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती वापरकर्त्यांसाठी ती मोफत करण्यात आली, आणि आपली माहिती कंपनीच्या साठ्यात ठेवण्याची अट वगळण्यात आली. संघटित मागणीला फळ येते, हा त्यातला धडा. आपल्याकडे ग्राहक चळवळ आहे, पण संगणकाच्या प्रश्नावर ती अजून बोलती झालेली नाही.

शाळा, पंचायती आणि सेवा केंद्रे यांच्यासाठी तरी काही शिस्त आखता येण्यासारखी आहे. सगळे संगणक एकाच दिवशी न बदलता आधी एक बदलावा आणि आठवडाभर त्याची परीक्षा घ्यावी. सामग्री एकदाच उतरवून ८ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवरून सर्व संगणकांवर बसवावी. प्रत्येक मॉडेलचे ड्रायव्हर तालुक्याच्या ठिकाणी साठवलेले असावेत. बदलाआधीचा आणि नंतरचा वेग वहीत नोंदवला जावा. ही नोंद हाती असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करतानाही शब्दाला वजन येते, कारण मनोऱ्याचा दोष आणि यंत्राचा दोष तेव्हा वेगळे करून दाखवता येतात.

हा फरक धोरणासाठीही महत्त्वाचा आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६,३१६ कोटी रुपये खर्चून २४,६८० वंचित गावांत ४जी सेवा पोहोचवण्याच्या योजनेला मान्यता दिली. अशा योजनांचे यश मनोऱ्यांच्या संख्येने मोजले जाते. पण मनोऱ्यावरून आलेला वेग शेवटच्या खोलीतील संगणकापर्यंत पोहोचतो का, हे कुणी मोजत नाही. तो मोजणारा प्रशिक्षित तरुण प्रत्येक पंचायतीत असेल तर काळीच्या काठावरील आणि म्हादईच्या खोऱ्यातील गावांना एका बिघडलेल्या ड्रायव्हरसाठी घाट उतरावा लागणार नाही. तोवर निदान एवढे पाळावे: वेग मोजल्याशिवाय राउटर बदलू नये, आणि ड्रायव्हर तपासल्याशिवाय नवा लॅपटॉप घेऊ नये.