पोर शाळेंत काय शिकतें, हें विचारा!

विदर्भांतल्या शाळा उन्हामुळें इतर जिल्ह्यांच्या मागून, जून सरतां सरतां उघडतात. त्याच वेळीं आपल्या घरीं पेरणीची घाई असते. सरकीच्या पाकिटावरची कंपनी, वाण, तारीख आपण दहादां पाहून घेतों. पण आपल्या पोराच्या डोक्यांत या सत्रांत काय पेरलें जाणार, हें मास्तरांस विचारायला आपणांस सवड होत नाहीं. शेतकरी बंधुभगिनींनो, ही बेफिकिरी आपल्याला फार महाग पडत आली आहे.

हा प्रश्न आजचा नव्हे. १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन ठेवलें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करा, असें त्यांचें मागणें होतें. त्यांत मोडी व बाळबोध लिहिणें-वाचणें, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांच्याबरोबर शेतीचें प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य व नीतीचे धडे त्यांनीं मागितले. ध्यानांत घ्या, शेती आली ती हिशेबाच्या आणि इतिहासाच्या जोडीला. त्यांच्या जागीं नव्हे.

पुढें २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं आपल्या वर्ध्यासच गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. झाकीर हुसेन समितीनें अभ्यासक्रम आखला. सात वर्षें सारें शिक्षण मातृभाषेंतून, आणि हस्तोद्योग हा सर्व विषयांचा कणा. साडेपांच तासांच्या शाळेंत तीन तास वीस मिनिटें उद्योगाला, चाळीस मिनिटें मातृभाषेला, आणि गणित, चित्रकला व संगीत मिळून चाळीस मिनिटें. मुलांनीं केलेल्या मालांतून मास्तरांचा पगार निघावा, अशीहि अपेक्षा होती.

कल्पना लहान नव्हती. राबणाऱ्या हाताला हलकें लेखणाऱ्या या देशांत श्रमाला शाळेंत मानाची जागा मिळाली. सूत मोजतां मोजतां गणित येतें. कापसावरून जमीन, पाऊस आणि बाजार समजतो. पण विणकराच्या पोराला सूत नवें नाहीं, कुणब्याच्या पोरीला निंदण नवें नाहीं. त्यांना घरीं मिळत नाहीं तें वाचन, लेखन आणि हिशेब. वकिलाच्या मुलानें पुस्तकें वाचावीं आणि तेल्यामाळ्याच्या मुलानें टकळी फिरवावी, असें झालें तर ती जुनीच उतरंड नव्या नांवानें रचली म्हणावयाची. आमची कसोटी साधी आहे: जें काम सर्वांच्या मुलांना, तें शिक्षण, जें एकट्या गरिबाच्या मुलाला, ती वेठ.

सेवाग्रामला २००५ सालीं ‘आनंद निकेतन’ शाळा पुन्हां सुरू झाली. तेथें शेती, स्वयंपाक व सूतकताई यांच्या आधारें भाषा, गणित व विज्ञान शिकविण्याचा परिपाठ ठेवला गेला. हाताला काम आणि डोक्याला खाद्य हीं दोन्हीं एकत्र देतां येतात, एवढें त्यावरून घ्यावें.

आतां आपल्या गांवच्या शाळेकडे वळूं. पहिलीपासून मराठी, गणित, इंग्रजी, कला व खेळ. तिसरीपासून परिसर अभ्यास. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचतां यावें व साधे हिशेब करतां यावे, असें केंद्र सरकारच्या २०२१ च्या ‘निपुण भारत’ योजनेनें ठरविलें. तें घरींच तपासा. परीक्षेची वाट पाहूं नका. तिसरी झालेल्या पोराला बियाण्याच्या पाकिटावरचा मराठी मजकूर वाचावयास सांगा. अमुक भावानें तीन क्विंटल कापसाचे किती, आणि उचल वजा जातां हातीं काय राहिलें, हें विचारा. खताच्या पोत्यावरचीं इंग्रजी अक्षरें ओळखावयास लावा. विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत कां आटतें, हें त्याच्या तोंडून ऐका. ज्याला हें येत नाहीं, तो उद्यां बाजारांत दुसऱ्यानें सांगितलेल्या आंकड्यावर अंगठा उठवील.

येत नसेल तर पोराला मारूं नका, शाळेंत जा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत निदान तीनचतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. त्या जागा आपल्या आहेत. तेथें नुसती सही करून परतूं नका. या सत्रांत कोणत्या वर्गाला कोणता विषय कुठवर शिकविणार, हें मास्तरांकडून विचारून घ्या, आणि दिवाळीच्या सुटीपूर्वीं त्याचा हिशेब मागा. चांगल्या मास्तराला या विचारण्याचा राग येत नाहीं. उलट बळ येतें.

पेरणी चुकली तर एक साल जातें. हें पेरणें चुकलें तर पिढी जाते.