जलोदर : निदानापूर्वी चिकित्सा नको

काही वर्षांपूर्वीची एक घटना आमच्या मनातून अद्याप गेलेली नाही. पन्नाशी उलटलेल्या एक भगिनी उदरवृद्धी, अग्निमांद्य व चार घास घेताच पोट भरल्याची भावना अशा तक्रारी घेऊन आमच्या चिकित्सालयात आल्या. रजोनिवृत्ती होऊन चार वर्षे झाली होती. प्रारंभी आध्मान समजून आम्ही पाचन दिले. पुढे उदरात द्रव असल्याचे लक्षात येताच पुनर्नवाष्टक क्वाथ व आरोग्यवर्धिनी सुरू केली. मूत्रप्रवृत्ती वाढली, पोटाचा घेर मात्र वाढतच राहिला. सहा आठवड्यांनी सोनोग्राफी केली तेव्हा बीजांडकोशात अर्बुद आढळले. त्यांना पुढे योग्य उपचार मिळाले. परंतु ते सहा आठवडे आमच्यामुळे वाया गेले, ही खंत राहिलीच.

वैद्यबंधूंनी याचा विचार करावा असे आम्हांस वाटते. जलोदर हे लक्षण आहे. त्याचे मूळ प्रत्येक रुग्णात एकच नसते. यकृतविकारातील जलसंचय बहुधा मूत्रल औषधांना व लवणवर्ज्य आहाराला दाद देतो. बीजांडकोशाच्या कर्करोगात मात्र उदरावरणावर पसरलेल्या पेशींमुळे द्रव पाझरतो व त्याच्या निचऱ्याचे मार्गही अवरुद्ध होतात. तेथे मूत्रल औषधांचा उपयोग फार थोडा. जयपालयुक्त तीक्ष्ण विरेचन तर क्षीण रुग्णेस अधिकच क्षीण करते आणि अर्बुदामुळे आंत्रमार्ग अवरुद्ध झाला असल्यास प्राणघातक ठरू शकते. मीठ व पाणी तोडण्यानेही तेथे विशेष लाभ होत नाही, उपासमार मात्र होते.

अर्थात सर्वच रुग्णांत कर्करोग असतो असे नव्हे. आपल्या देशात उदरावरणाचा क्षयही असेच चित्र निर्माण करतो व त्यातही सी.ए. १२५ वाढलेले आढळते. म्हणूनच केवळ रक्ततपासणीवर न थांबता द्रवाची व आवश्यक तेथे ऊतीची तपासणी होणे अगत्याचे आहे.

खऱ्या अर्थाने हा द्रव आटोक्यात येतो तो मूळ रोगाच्या उपचाराने, म्हणजे शस्त्रकर्म व केमोथेरपी यांनी. तोवर, अथवा हे उपचार शक्य नसल्यास, सुईने द्रव काढल्यावर काही तासांतच श्वास मोकळा होतो व अन्न जाऊ लागते. द्रव वारंवार साठत असल्यास उदरात बारीक नळी ठेवून तो घरीच काढण्याची सोयही करता येते. यात आपणांस परके काय आहे? सुश्रुतांनी उदरचिकित्सेत व्रीहिमुख शस्त्राने वेध करून, नळीवाटे द्रव काढून, उदर घट्ट बांधण्यास सांगितले आहे. सर्व द्रव एकाच दिवशी काढू नये असा इशाराही दिला आहे.

‘केमो म्हणजे विष, आम्हांला वनस्पतीच द्या’ असे रुग्णांचे नातेवाईक म्हणतात. त्यांना आम्ही सांगतो की, या रोगात दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल मुळात यू वृक्षाच्या सालीतून मिळाले, तर टोपोटेकॅन हे ज्या कॅम्पटोथेसिनपासून बनते ते आपल्या सह्याद्रीतील नरक्याच्या झाडातही असते. मात्र शुद्ध करून मोजून दिलेले द्रव्य वेगळे आणि सालीचा काढा वेगळा. अमुक काढ्याने कर्करोग बरा होतो असे आश्वासन देण्यास आपल्याजवळ आज पुरावा नाही. तशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्याने निषिद्धही आहे.

मग वैद्याचे कार्य कोणते? रुग्णेस थोडे थोडे, वारंवार, प्रथिनयुक्त व रुचकर अन्न मिळेल असे पाहणे. कारण द्रवाबरोबर शरीरातील प्रथिनेही जातात. मलावरोध, अरुची, अनिद्रा यांकडे लक्ष देणे. औषध द्यावयाचे ते कर्करोगतज्ज्ञास कळवूनच द्यावे. मिरी-पिंपळीतील पायपरीन यकृतातील औषधविघटनावर परिणाम करते, हे त्रिकटूयुक्त कल्प देताना विसरू नये. केमोथेरपीच्या काळात रसौषधी टाळाव्यात. ज्वर, तीव्र उदरशूल, उलट्या व वातमलावरोध, एकाच पायाला सूज अथवा अचानक श्वासकष्ट दिसल्यास रुग्णेस तत्काळ रुग्णालयात धाडावे.

रुग्ण दुसऱ्याकडे पाठविणे यात कमीपणा आहे, अशी भावना आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. आमच्याही मनात ती होती. परंतु चरकाचार्यांनी उदरचिकित्सेतच शस्त्रकर्म हे अनुभवी शल्यहर्त्यांचे काम म्हणून त्यांच्यावर सोपविले आहे. तेव्हा रजोनिवृत्तीच्या वयातील वा त्यापुढील स्त्रीने ‘दोन-तीन आठवडे पोट फुगलेलेच आहे’ असे सांगितल्यास, व्यवस्थापत्रावर पहिले औषध लिहिण्यापूर्वी सोनोग्राफी लिहावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.