दुबार पेरणीआधी



या खेपेस भाताच्या बियाण्याविषयी लिहावयाचे योजिले होते. परंतु कोपरहून एका वाचकाचे पत्र आले आणि ते बाजूस ठेववेना. पत्र थोडक्यात असे : "साहेब, मुलगा मुंबईस नोकरीला जातो. बहिणीच्या हळदीला आणि लग्नाला त्याने क्रेडिट कार्डावर खर्च केला. साठ हजार थकले. ते दुसऱ्या बँकेच्या कार्डावर कमी व्याजाने वळवावे म्हणून अर्ज केला, तो नामंजूर झाला. लागोपाठ आणखी तीन ठिकाणी अर्ज केले, तेही परत आले. खाडीकडची दहा गुंठे जमीन उरली आहे. ती काढून टाकावी काय?"

जमिनीचा प्रश्न होता, म्हणून पत्राने उत्तर न देता मी स्वतःच गेलो. कोपर स्टेशनास दोन मजले आहेत. खालून कल्याण-मुंबईच्या गाड्या धावतात आणि वरून वसई-दिवा-पनवेलच्या. गाव आता महापालिकेत मोडते. भाताची खाचरे इमारतींच्या मधून कोठे कोठे दिसतात. घरी बाप, मुलगा, सून सारे बसले होते. सुनेने आपल्या बांगड्यांची डबीही समोर आणून ठेवली होती.

मी म्हटले, "दादा, पहिला पाऊस पडला, पेरणी केली आणि उगवण झाली नाही, तर तुम्ही काय करता?"

"दुबार पेरतो."

"लगेच? तेच बी, त्याच वाफ्यात?"

"छे! आधी बी तपासतो. माती उकरून पाहतो."

"मग या पोराने चार वेळा पेरले, ते न तपासताच ना?"

म्हातारा हसला. मुलाने मात्र मान खाली घातली.

मंडळी, कर्ज एका कार्डावरून दुसऱ्यावर वळविणे, ज्यास बँकेत बॅलन्स ट्रान्स्फर म्हणतात, ही रोपे राबातून काढून खाचरात लावण्यासारखी गोष्ट आहे. लावणीने रोप वाढावयास जागा मिळते, पण रोप तेच राहते. तसेच कर्जही तेच राहते, फक्त व्याज काही महिने कमी होते. हिशेब पाहा. साठ हजारांवर दरमहा साडेतीन टक्के म्हणजे २,१०० रुपये व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८ रुपये. म्हणजे २,४७८ रुपये नुसते व्याजात गेले. मुलगा महिन्याला कमीत कमी रक्कम म्हणून ३,००० भरीत होता. त्यातले मुद्दलात जात होते अवघे ५२२.

आता समजा, नव्या कार्डावर सहा महिने एक टक्क्याने कर्ज वळले आणि वळविण्याची फी दोन टक्के पडली. फी १,२०० आणि तिच्यावरचा कर २१६. पहिल्या महिन्याचे व्याज करासह सुमारे ७२५. फायदा आहेच. परंतु सहा महिन्यांत कर्ज निपटावयाचे तर महिना सुमारे १०,७०० रुपये भरावे लागतील. ते न भरले तर मुदत संपताच जुनाच चढा दर सुरू. म्हणून अर्जापूर्वी घरातल्या हप्त्याची तजवीज हवी.

आपल्या मुलखाला हा धडा नवा नाही. सावकार जुन्या खतावरचे व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेई आणि कुळाला वाटे, मुदत मिळाली. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी अशी खते व चोपड्या जाळल्या. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि सावकाराचे कर्ज सोसायटीकडे नेण्याची वाट निघाली. त्या वाटेने ज्यांनी कर्ज नेले आणि फेडले, त्यांची सुटका झाली. ज्यांनी सोसायटीचे घेऊन सावकाराचेही चालू ठेवले, त्यांचे दोन्ही डोईजड झाले.

आता नकाराकडे वळू. मी विचारले, "बँकेने कारण काय लिहिले?" मुलगा म्हणाला, "काका, विचारलेच नाही." येथेच पहिली चूक. कार्डाचा अर्ज नाकारला तर त्याचे नेमके कारण लेखी कळविले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. नकार आला की ते कारण पदरात पाडून घ्यावे.

दुसरी पायरी, आपला पत अहवाल पाहणे. कर्जाची परतफेड कोणी कशी केली, याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत : सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. हा हक्क २०१७ पासून आहे. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. बँकेकडे अर्ज केल्यावर मात्र बँक अहवाल मागविते, त्याची नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अशा नोंदी चार-पाच झाल्या की माणूस पैशासाठी हातघाईस आला आहे, असा बँकांचा समज होतो. मुलाच्या मागच्या तीन अर्जांनी हेच केले होते.

अहवाल त्याच्या मोबाईलवर काढला. कार्डाचे हप्ते वेळेवर होते. पण खाली एक टेम्पोचे कर्ज दिसले आणि दोन हप्ते थकीत! मुलगा म्हणाला, "टेम्पो माझा नाहीच." बापाला आठवले, चुलतभावाला जामीन म्हणून त्याने सही केली होती. बंधूंनो, जामीनदाराची सही त्याच्याही अहवालात उमटते. ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, सही करताना हे ध्यानी ठेवा. चुलतभावास बोलाविले, तर त्याने हप्ते केव्हाच भरले होते, पावत्याही होत्या. नोंद तेवढी सुधारली गेली नव्हती.

अशा वेळी पत कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे पावतीसह लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. बँक ३० दिवसांत उत्तर देत नसेल किंवा उत्तराने समाधान होत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. "पैसे द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्या दलालास मात्र दारातूनच परत पाठवा. खरी नोंद कोणासही पुसता येत नाही आणि खोटी नोंद आपल्यालाच फुकट सुधारता येते.

तिसरी गोष्ट, थांबणे. नोंद दुरुस्त झाल्यावरही मी मुलास चार महिने अर्ज करू दिला नाही. हा सरकारी नियम नव्हे, माझा सल्ला. तोवर त्याने कार्ड कपाटात ठेवले, नवी खरेदी बंद केली आणि तीन हजारांऐवजी महिना सहा हजार भरले. मग जेथे पगार जमा होतो त्या एकाच बँकेत एकच अर्ज केला. मंजुरी आली, पण चाळीस हजारांचीच. उरलेले दिवाळीच्या बोनसातून फेडले. जमीन राहिली, बांगड्याही राहिल्या.

म्हाताऱ्याने विचारले होते, "साहेब, किसान क्रेडिट कार्डातून काढून हे फेडले असते तर?" मोह पडण्यासारखाच आहे, कारण पीक कर्जाचे व्याज कार्डाच्या मानाने नगण्य. पण ते कर्ज बी-खताचे आहे. घरखर्चासाठी त्यातला थोडाच भाग धरलेला असतो. ते हळदीच्या मांडवाला लावले तर मोसमात खताला पैसा नाही, आणि पीक कर्ज थकले की व्याजाची सवलतही जाते.

शेवटी एवढेच. तडजोड करून कमी पैशात खाते मिटवा, असे कोणी सुचविले तर सावध असा. "तडजोडीने मिटविले" ही नोंद पुढे वर्षानुवर्षे आड येते. पूर्ण फेडा आणि बँकेकडून कर्ज संपल्याचा दाखला घेऊन जपून ठेवा. नकार म्हणजे अपमान नव्हे. उगवण का झाली नाही, हे सांगणारी ती माती आहे. ती उकरून पाहा, मगच पुन्हा पेरा.

भाताच्या बियाण्याचे पुढील अंकी. तोवर दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकून पाहा. तरंगेल ते काढून टाका, तळाशी राहील ते स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.