गरज आणि पात्रता

कर्जाचे अर्ज तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याला एक विसंगती चांगली परिचयाची असते: ज्याची गरज सर्वांत मोठी, तोच बहुधा निकषांत बसत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने स्थूल मधुमेहींसाठी सुरू केलेल्या आहार-कार्यक्रमाचे नियम वाचताना ती पुन्हा आठवली. बारा आठवडे नेहमीचे जेवण बंद; सूप आणि शेक यांवर दिवसाला 800 ते 900 कॅलरी. प्रवेश 18 ते 65 वयाच्या, टाइप 2 मधुमेहाचे निदान गेल्या सहा वर्षांत झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्यांना. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया वगळलेल्या. म्हणजे वीस वर्षे साखर आणि सव्वाशे किलो वजन वागवणारा दाराबाहेरच!

हे निर्दय वाटते, पण अकारण नाही. ग्लासगो आणि न्यूकॅसल इथल्या संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वर्षाअखेर 46 टक्के रुग्णांची साखर औषधांविना आटोक्यात आली. पण तेही सारे सहा वर्षांच्या आतले. जुन्या मधुमेहात स्वादुपिंडाची उभारी कमी होत जाते. शिवाय धोका आहेच. 1970च्या दशकात अमेरिकेत निकृष्ट द्रवरूप प्रथिनांवर राहून वजन उतरवण्याची लाट आली, आणि हृदयाचे ठोके बिघडून कित्येक माणसे दगावली.

दक्षिण आशियाई वंशाच्यांना तिथे बीएमआय 27 ऐवजी 25 लाच प्रवेश मिळतो. लेस्टरच्या आपल्या मंडळींना याचे महत्त्व सांगायला नको. आपली चरबी पोटाशी साठते आणि कमी वजनातही घात करते. वयाची अट मात्र मला कारकुनी वाटते. पासष्टाव्या वाढदिवशी स्वादुपिंडाला काही निवृत्तीचे पत्र जात नाही! (माझे वय पाहता हा पक्षपात समजावा.) नकार द्यायचाच, तर कारण लेखी द्यावे आणि दुसरा मार्गही सांगावा. एवढे तर आम्ही कर्ज नाकारतानाही करावे, अशी अपेक्षा असे.

आपल्याकडे उलटाच प्रकार. सोसायटीतल्या ओळखीच्या बाई पावडरीचा डबा देतात, पैसे घेतात. कुणी बाद होतच नाही. ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा फेरविचार आहार सुरू होतानाच होतो, कारण जेवण निम्म्यावर आणि गोळी तीच, तर साखर एकदम उतरून माणूस जिन्यातच कोसळू शकतो. डबा देणाऱ्या बाईंनी निदान एवढे तरी विचारावे: गोळ्या कोणत्या चालू आहेत, आणि तुमच्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे का?