दोन नट, चार दिवस

पाऊस उघडला की रत्नागिरीतल्या गाड्यांचे आवाज बदललेले असतात. चार महिने भिजलेली चेन कुरकुरते, ब्रेकची केबल जड होते आणि एखाद्या तरी गाडीचा सायलेन्सर फुटलेला असतो. यंदा तो माझ्या गाडीचा फुटला. शंभर सीसीची, पंधरा वर्षांची गाडी. पहाटे दूध आणायला निघालो की समोरच्या घरातलं सहा महिन्यांचं बाळ दचकून उठायचं. मग मी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायला लागलो. एक दिवस बाळाच्या आईने ते पाहिलं. "दादा, राहू दे हो, कशाला ढकलता," म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. सायलेन्सर बदलायचा आणि तो आपल्या हाताने बदलायचा, हे त्याच दिवशी ठरलं.

या सदरात आजवर नळाच्या वॉशरपासून मिक्सरच्या कपलरपर्यंत बरीच घरची कामं लिहिली. इंजिनाला मात्र मी कधी पाना लावला नव्हता. पंक्चर, चेन ताणणे, प्लग साफ करणे, इथवरच माझी धाव.

आधी सायलेन्सर कुठे सडला ते पाहिलं. वरून तो चांगला दिसत होता. खाली वाकून बॅटरी मारली तर तळाला, जोडाच्या शिवणीलगत अंगठा जाईल एवढं भोक. बोट लावलं तर कड पापडासारखी मोडली. आपल्याला वाटतं समुद्राच्या खाऱ्या हवेने सायलेन्सर खाल्ला. ती खातेच, पण जास्त करून तो आतून सडतो. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. लांबचा प्रवास असेल तर डबा पुरता तापतो आणि वाफ निघून जाते. घर ते बाजार, बाजार ते घर असं दोन किलोमीटर चालवलं तर डबा कोमटच राहतो, वाफेचं पाणी होतं आणि धुरातलं आम्ल घेऊन तळाशी बसतं. त्यासाठी बऱ्याच सायलेन्सरना तळाला एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. सकाळी गाडी सुरू केली की तिथून दोन-चार थेंब पडतात. पाहणाऱ्याला वाटतं गाडी गळते. माझ्या गाडीचं ते छिद्र कुणीतरी कधीतरी टाका मारून बुजवून टाकलेलं होतं. म्हणजे पंधरा वर्षांतलं किती पाणी त्या डब्यात राहिलं असेल!

चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा मामाची गाडीही बुडाली होती. पाणी ओसरल्यावर त्याने प्लग काढला, ऑईल बदललं, कार्बोरेटर साफ केला. गाडी सुरूही झाली. सायलेन्सरमधला गाळ मात्र तसाच राहिला, आणि दीड वर्षात डबा मधोमध तुटून रस्त्यावर पडला. तो काढून उलटा केला असता तर वाचला असता, असं मामा अजून म्हणतो.

काढायला जावं तर काम दिसतं अगदी साधं. मागे एक बोल्ट, पुढे इंजिनाच्या तोंडाशी दोन नट. बेंड पाईपच्या कॉलरमधून दोन स्टड बाहेर आलेले असतात, त्यांवर हे नट बसतात. दहा-अकराच्या पान्याचा दहा नंबर त्यांना लागतो. मागचा बोल्ट पाच मिनिटांत सुटला. या लेखात सांगण्यासारखं जे काही आहे ते सगळं त्या पुढच्या दोन नटांचं आहे.

स्टड पोलादाचे, ते ज्यात रुतलेत ते सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं. रोज काहीशे अंशांपर्यंत तापायचं, रोज थंड व्हायचं, वर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल झेलायचा. आट्यांमध्ये गंज शिरतो, आणि लोखंडापेक्षा त्याच्या गंजाला जागा जास्त लागते. त्यामुळे नट आतल्या आत आवळत जातो. सहा मिलिमीटरचा स्टड म्हणजे करंगळीहूनही बारीक. त्यावर पंधरा वर्षांचा गंज आणि त्याला भिडणारा माझ्यासारखा पहिल्यांदा पाना धरलेला माणूस.

मी पहिल्या दिवशी वायर ब्रशने आटे घासले, गंज सोडवणारं तेल मारलं आणि थांबलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल मारलं, छोट्या हातोडीने नटाच्या डोक्यावर हलके टिचके दिले, पुन्हा थांबलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी षटकोनी गोटी लावली. बारा दातांचा रिंग पाना गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो, हे गॅरेजवाल्या काकांनी आधीच बजावलं होतं. सोडवण्याआधी नट किंचित आवळून पाहायचा, हेही त्यांनीच सांगितलं. तसं केलं. 'टक्' असा आवाज आला आणि हात एकदम हलका झाला. डावा नट सुटला.

उजव्या नटाला तो 'टक्' आलाच नाही. पाना सरकत होता, पण हात हलका होत नव्हता. मऊ लागत होतं, ओल्या दोरीला पीळ दिल्यासारखं. तो नट फिरत नसतो. तो स्टड पिळवटत असतो. हे मला आज शब्दांत सांगता येतं, तेव्हा फक्त हाताला कळत होतं. त्याच क्षणी थांबायला हवं होतं. मी अर्धा फेरा आणखी दिला आणि स्टड तुटला. पेटत्या काडीचं टोक मोडावं तसा, विशेष आवाजही न करता. वाचकांनी या लेखातलं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी तो मऊपणा लक्षात ठेवावा. तो हाताला लागला की पाना खाली ठेवायचा, पुन्हा तेल मारायचं आणि आणखी एक रात्र जाऊ द्यायची.

नशीब असं की बोटाच्या पेराइतका स्टड हेडच्या बाहेर शिल्लक होता. चौथ्या दिवशी गाडी ढकलत वेल्डिंगच्या दुकानात नेली. त्या माणसाने आधी बॅटरीच्या वायरी सोडायला लावल्या, मग तुटक्या स्टडवर एक नवा नट ठेवला आणि नटाच्या पोटातून स्टडला टाका दिला. लाल झालेला नट काळा पडेपर्यंत थांबला. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे हेडची पकड ढिली होते. मग त्याने पाना लावला आणि पंधरा वर्षं रुतून बसलेला स्टड लोण्यातून यावा तसा फिरत बाहेर आला. मी त्याचे पैसे दिले आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. अशी शहाणी माणसं प्रत्येक गावात आहेत आणि त्यांच्या दुकानावर पाटीसुद्धा नसते.

खरा त्रास पुढे होता. सायलेन्सर पहिल्याच दुकानात मिळाला, दोन हजारांच्या आसपास. काउंटरवरच्या मुलाने आधी आवाजवाला दाखवला. मी नको म्हटलं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला कारखान्यातून बाहेर पडताना ७७ डेसिबलची मर्यादा असते. ती मोडणारे सायलेन्सर पुण्या-नागपुरात पोलिसांनी रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली घातले आहेत, आणि ते योग्यच केलं. बाळाला झोपू देण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चालला होता. तांब्याचं पॅकिंग, वीस-पंचवीस रुपयांची ती चपटी कडी, दुसऱ्या दुकानात मिळाली. स्टड मात्र तीन दुकानांत नव्हता. "सुटा येत नाही" हे एकच उत्तर. शेवटी जुन्या भागांच्या दुकानात एका डब्यातून दोन निवडून घेतले.

केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. कल्पना मोलाची आहे आणि मी तिच्या पूर्ण बाजूने आहे. पण तो हक्क माझ्यापर्यंत पोहोचायचा असेल तर तो सहा मिलिमीटरच्या स्टडच्या रूपाने पोहोचायला हवा. सायलेन्सर विकताना त्याच खोक्यात एक पॅकिंग, दोन स्टड आणि दोन पितळी नट घातले तर कंपनीचा कितीसा खर्च वाढणार आहे? पितळी नट पोलादी स्टडवर गंजून धरत नाहीत, ही जुनीच माहिती आहे. सोबत मराठीत एक चिठ्ठी हवी: आधी काय सोडवायचं, आधी काय आवळायचं, किती आवळायचं. माझ्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत सायलेन्सर गरम असताना हात लावू नका एवढंच आहे. गावात ज्याच्याकडे गाडी आहे आणि ज्याला कंपनीचं सर्व्हिस सेंटर तीस-चाळीस किलोमीटरवर आहे, त्या माणसाचा हा प्रश्न आहे. त्याला आकडा दिला नाही की तो अंगातला सगळा जोर लावतो, आणि मग पुढच्या वेळी आट्यांसकट हेड जातं.

आकडा फार मोठा नाही. अशा सहा मिलिमीटरच्या स्टडला साधारण दहा ते बारा न्यूटन-मीटर पुरतात. दहा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा-बारा किलोचा दाब, बस्स. मनगटाने आवळायचं, खांद्याने नाही.

जोडताना इंजिनाच्या तोंडात बॅटरी मारली. जुनं पॅकिंग काजळीने काळं होऊन आतच चिकटलेलं होतं. ते दिसत नाही म्हणून कित्येकजण त्यावरच नवं बसवतात आणि मग जोड फुसफुसतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते अलगद उचकटलं. नवं पॅकिंग जागेवर राहावं म्हणून त्याला ग्रीसचं बोट लावलं. आधी सगळे नट-बोल्ट नुसते हाताने धरवले, मग पुढचे दोन थोडे थोडे आळीपाळीने आवळले, मागचा बोल्ट सर्वांत शेवटी. मागचा आधी आवळला तर डब्याचा सगळा ताण त्या दोन बारीक स्टडवर येतो. क्रोमवरचे बोटांचे ठसे कोरड्या फडक्याने पुसले, नाहीतर तापल्यावर ते कायमचे भाजून बसतात.

ज्यांची गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-सहा आहे, त्यांनी एक ध्यानात ठेवावं. पाईपला ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याची वायर आधी सोडवायची, पाईपबरोबर तिला पीळ पडू द्यायचा नाही. आणि जुना डबा भंगारात देताना त्यात प्लॅटिनम-पॅलेडियमसारख्या महाग धातूंचा लेप असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, हे लक्षात असू द्या.

गाडी अंगणात, उघड्यावर सुरू केली. बंद जागेत सायलेन्सरची परीक्षा कधीही घेऊ नये, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास असतो. पहिली पाच मिनिटं ग्रीस जळल्याचा पांढरा धूर आला. इंजिन तापायच्या आत जोडाजवळ तळहात धरला. कुठूनही फुंकर लागली नाही. आईने खिडकीतून विचारलं, "सुरू झाली का रे?" तिला आवाजच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाराशीच किक मारली. समोरच्या घरातला दिवा लागला नाही. निघण्याआधी वाकून पाहिलं. नव्या सायलेन्सरच्या तळाच्या छिद्राशी पाण्याचा एक थेंब लोंबत होता. मी तो पडेपर्यंत थांबलो.